प्रवाशाच्या पेटीतील डोळा

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल पनवेलहून राणीच्या बागेला निघाली होती. बस अटल सेतूवर चढली तशी खिडकीजवळच्या जागांसाठी मुलांची भांडणे जुंपली. डाव्या हाताला खाडीचे पाणी, त्यात उभी असलेली तेलवाहू जहाजे, दूर धुक्यात घारापुरीचा डोंगर, हे सारे मनसोक्त दिसत होते. उजव्या हाताला मात्र एका टप्प्यावर कठड्यालगत उंच पडदे लागले आणि त्या बाजूची मुले हिरमुसली. सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, इकडचं का झाकलंय?" मी सांगितले की तिकडे ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र आहे, त्याची छायाचित्रे कोणी काढू नयेत म्हणून ही व्यवस्था. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "पण सर, नुसतं बघायलाही बंदी?"

ह्या प्रश्नाने मला दुसऱ्या एकाचा प्रश्न आठवला. माझा एक जुना विद्यार्थी न्हावा-शेव्याकडील एका कचेरीत नोकरी करतो. तीन महिन्यांच्या पगारातून काटकसर करून त्याने एक उडता कॅमेरा घेतला. आता ह्यास सगळेच ड्रोन म्हणतात, तेव्हा आपणही तोच शब्द वापरू. वजन पाव किलोच्या आत; मिटला म्हणजे हाताच्या पंजावर मावेल एवढा. बाप लहानपणीच गेलेला. आईने खानावळ चालवून त्याला शिकविले. तिला एकदा विमानात बसवायचे, परदेश दाखवायचा आणि त्या प्रवासाचे चित्रण करून ठेवायचे, असा त्याचा बेत होता. देशाचे नाव मी सांगत नाही. तेथील विमानतळावर बॅग तपासणीच्या यंत्रातून गेली, घंटा वाजली आणि दोन शिपाई त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. कोणासाठी आणलेस, कशाची चित्रे काढणार, सैन्यात नोकरी केली आहेस काय, असे प्रश्न चार तास चालले होते. चार तास त्याची आई बाहेरच्या बाकावर, पोटाशी पिशवी धरून, कोणाचीही भाषा कळत नसताना बसून होती. शेवटी ड्रोन ठेवून घेण्यात आला व हातात एक पावती देण्यात आली. परतीचे विमान दुसऱ्या शहरातून होते. ड्रोन तेथेच राहिला.

परत आल्यावर तो मला भेटावयास आला. म्हणाला, "सर, मी चोरी केली नव्हती, खोटं बोललो नव्हतो. मग मला चोरासारखं का बसवलं?"

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर; कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. पण इतिहास शिकविणाऱ्यास एक खोड असते. आजच्या प्रश्नाचे मूळ तो शंभर वर्षे मागे जाऊन हुडकतो. त्या हुडकण्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

पहिली गंमत अशी की आपल्याकडे कॅमेरा आला तेव्हा सरकारास त्याची भीती वाटली नाही. उलट सरकारच त्याचे मोठे आश्रयदाते होते. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत साहेब लोकांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्याच सुमारास कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज ह्या तोफखान्यातील अधिकाऱ्यास विजापूर आणि आसपासच्या जुन्या इमारतींची चित्रे टिपण्याच्या कामगिरीवर नेमले. देश जिंकून झाला होता. आता त्याची नोंद करावयाची होती. पुढे १८६८ ते १८७५ ह्या काळात इंग्रज सरकारने येथील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड छापून काढले. कोणाचे चित्र काढावे आणि कोणाची परवानगी घ्यावी, हा प्रश्न त्या आठ खंडांच्या संपादकांस पडलेला दिसत नाही.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिकाटणे, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखा तंबू. तो घेऊन कोणाला लपून बसता येत नसे. ही स्थिती पालटली ती १८८८ साली. त्या वर्षी अमेरिकेत ईस्टमनने कोडॅक नावाची हातात धरता येणारी पेटी विकावयास काढली. तिच्यात शंभर चित्रे निघतील एवढी फिल्म आधीच गुंडाळलेली असे. पुढच्याच वर्षी, १८८९ साली, विलायतेत आणि हिंदुस्थानातही सरकारी गुपितांचा पहिला कायदा झाला. ह्या दोन गोष्टींत बाप-लेकाचे नाते होते असे मी म्हणत नाही. कायद्यामागे कागदपत्रे फोडणाऱ्या कारकुनांची प्रकरणे होती. परंतु दोन्ही गोष्टी एकाच काळाच्या पोटी जन्मल्या, एवढे खरे. आता चित्र काढणारा ओळखू येईनासा झाला होता.

आणि येथे एक आपला माणूस भेटतो. लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०३ च्या अखेरीस हा कायदा अधिक कडक करण्याचे विधेयक आणले. त्यात तीन गोष्टी मुख्य होत्या. लष्करी गुपितांस जे संरक्षण होते ते मुलकी कारभारासही द्यावयाचे. परवानगी होती हे सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकावयाचा. आणि गुन्हा बिनजामिनाचा करावयाचा. वरिष्ठ कायदेकौन्सिलात ह्या विधेयकास ज्यांनी विरोध केला त्यांत फर्ग्युसन कॉलेजातील आमचे एक व्यवसायबंधू, गोपाळ कृष्ण गोखले, अग्रभागी होते. गोखल्यांची भाषा नेहमीच मवाळ, पण त्या मवाळ भाषेत त्यांनी विधेयकाचे एकेक कलम सोलून काढले. देशी आणि अँग्लो-इंडियन अशा दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रांनी ह्या प्रसंगी एकाच सुरात ओरड केली. अशी वेळ त्या काळात क्वचितच येई. सरकारने काही तपशील सौम्य केले आणि मार्च १९०४ मध्ये बहुमताच्या जोरावर विधेयक मंजूर करून घेतले.

गोखल्यांस समोर दिसत होते ते संपादक आणि कारकून. प्रवासी त्यांच्या डोळ्यांपुढे नसावा. पण परवानगी सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर, ह्या एका वाक्यात पुढच्या शंभर वर्षांतील विमानतळावरची ती आतली खोली बांधली गेली. त्या खोलीत माझ्या विद्यार्थ्याने काही वाईट केल्याचे कोणी दाखवून दिले नव्हते. आपण काही वाईट करणार नाही हे त्यानेच दाखवून द्यावयाचे होते.

आज आपल्याकडे चालू असलेला सरकारी गुपितांचा कायदा १९२३ सालचा आहे. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यात 'आराखडा' ह्या शब्दाची व्याख्या करताना छायाचित्र त्यात स्पष्टपणे घातले आहे. निषिद्ध जागेच्या जवळ जाणे, तिची पाहणी करणे, तिच्यात शिरणे, ह्यांबरोबर तिच्या 'वरून जाणे' हेही त्यात आले आहे. पहिल्या महायुद्धात विमानांनी काय केले हे कायदा लिहिणारांनी पाहिले होते. कलम लिहिणाऱ्या त्या अनामिक साहेबाला ड्रोन स्वप्नातही दिसला नसेल. तरी त्याचा शब्द त्याला अचूक लागू पडतो.

महायुद्धाचा विषय निघालाच आहे तर एक विरोधाभास सांगितल्यावाचून राहवत नाही. दादासाहेब फाळके १९१२ च्या आरंभी विलायतेस गेले ते विल्यम्सनचा चलच्चित्राचा कॅमेरा आणण्यासाठी. त्यांची अडचण होती ती पैशाची. त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकाव्या लागल्या. यंत्र घेतले, शिकून घेतले, आगबोटीत चढविले आणि मुंबईस आणले. पुढे १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. ते पेटताच इंग्लंडात तटबंदी, बंदरे, नाविक ठाणी ह्यांची छायाचित्रे काढण्यास बंदी आली. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांस परवान्याशिवाय कॅमेरा बाळगण्याचीही सोय उरली नाही. आणि नेमक्या त्याच युद्धाच्या वर्षांत प्रवाशाच्या पासपोर्टावर त्याचे स्वतःचे छायाचित्र चिकटविणे सक्तीचे होत गेले. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हा कोणत्याही कागदावर आपल्या तोंडाचे चित्र डकवून न्यावे लागण्याचा तो काळ नव्हता. हिंदुस्थानात १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला व युद्धकाळची ही तात्पुरती व्यवस्था कायमची झाली. म्हणजे एका हाताने सरकारने प्रवाशाचा कॅमेरा काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याच्यावर कॅमेरा रोखला. पासपोर्टाचा तो १९२० चा कायदा २०२५ साली रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला. चित्र मात्र राहिले, आणि त्याच्या जोडीस बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळेही अनेक देशांत घेतली जातात.

आता जमीन सोडून जरा वर जाऊ. आकाशातून चित्र काढण्याची हौस ड्रोनपेक्षा फार जुनी आहे. नादार ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ फुग्यात बसून पहिले चित्र घेतले. पण मला आवडतो तो जर्मनीतील क्रोनबर्ग गावचा नॉयब्रोनर. हा गृहस्थ औषधे विकणारा. त्याच्या घरची कबुतरे आसपासच्या दवाखान्यांत औषधे पोचवीत. त्याने कबुतराच्या छातीवर बांधण्याचा, ठरावीक वेळाने आपोआप चित्र घेणारा एक चिमुकला कॅमेरा तयार केला आणि १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. कबुतरास पाऊणशे ग्रॅमपर्यंत ओझे पेलत असे. आज जगातील कायदेपंडित अडीचशे ग्रॅम की शंभर ग्रॅम ह्यावर खल करीत असतात, तेव्हा मला ते कबुतर आठवते. त्यास ह्यांतले कोणतेच कलम लागू पडले नसते.

कबुतरावर कायदा करता आला नाही, पण विमानावर करता आला. युद्ध संपल्यावर १९१९ साली पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा करार झाला. हिंदुस्थानच्या नावानेही त्यावर सही झाली. आपल्या भूमीवरील आकाश हे ज्याचे त्याचे, हे तत्त्व तेथे पक्के झाले. त्याच कराराच्या सत्ताविसाव्या कलमाने प्रत्येक राष्ट्रास आपल्या प्रदेशावरून जाणाऱ्या विमानात कॅमेरा नेण्यास वा वापरण्यास बंदी घालण्याचा अधिकार दिला. १९४४ साली शिकागोस नवा करार झाला, त्यात तोच अधिकार छत्तिसाव्या कलमात आला. आणि आठव्या कलमात आणखी एक गोष्ट आली. वैमानिकाशिवाय उडणारे विमान दुसऱ्या राष्ट्राच्या खास परवानगीवाचून त्याच्या प्रदेशावर नेता येणार नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. तो समजत होता की आपण पेटीतून कॅमेरा नेत आहोत. कायद्याच्या दृष्टीने तो पेटीतून विमान नेत होता.

आपल्याकडे ह्या पॅरिस कराराच्या पाठोपाठ १९३४ चा विमान-कायदा आणि १९३७ चे विमान-नियम आले. त्या नियमांतील तेरावा नियम सरकारी विमानतळावर अथवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेण्यास मनाई करतो. आमच्या पिढीतल्यांस हवाईसुंदरीची ती घोषणा आणि विमानतळावरच्या त्या पाट्या आठवत असतील. नियम तसाच राहिला आणि माणसांच्या खिशांत मोबाईल आले. मग २००४ साली प्रवाशांस विमानातून चित्रे घेण्याची मुभा देणारे परिपत्रक निघाले. ही मुभा फार थोड्यांस ठाऊक होती. सप्टेंबर २०२० मध्ये चंडीगडहून मुंबईस येणाऱ्या विमानात एका नटीभोवती वार्ताहरांनी गर्दी करून चित्रण केले. तेव्हा नागरी विमान खात्याने आधी बजावले की असे घडल्यास त्या मार्गावरील विमान दोन आठवडे बंद ठेवू. आणि लगेच खुलासा केला की साध्या प्रवाशाने चित्र घेण्यास हरकत नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानाशी संघर्ष झाल्यानंतर संरक्षण-विमानतळांवर चित्रणास पुन्हा कडक मनाई झाली. आपले पुण्याचे लोहगाव मुळात हवाई दलाचे ठाणे आहे, हे खिडकीतून पंखाचा फोटो घेणाऱ्या किती पुणेकरांच्या ध्यानात असते? १९३४ चा कायदा १ जानेवारी २०२५ पासून इतिहासजमा झाला. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. पण जुने नियम त्याच्या छत्राखाली चालूच आहेत.

ह्या १९३४ च्या कायद्याची एक कथा अशी की ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. २०१७ च्या ऑक्टोबरात ब्रह्मदेशाच्या राजधानीत, संसद-भवनाजवळ ड्रोन उडविण्याच्या खटपटीवरून दोन परदेशी वार्ताहर, त्यांचा दुभाष्या व गाडीवान ह्यांना पकडले. त्यांस दोन महिन्यांची कैद झाली ती कोणत्या कायद्याखाली? १९३४ च्या विमान-कायद्याखाली! ब्रह्मदेश १९३७ च्या एप्रिलपर्यंत हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो वेगळा झाला तेव्हा घरातून निघालेल्या भावाप्रमाणे आपल्या वाटणीची भांडी घेऊन गेला. सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदाही त्या भांड्यांत होता, आणि २०१८ साली दोन पत्रकारांस सात वर्षांची शिक्षा त्याच्याच आधारे ठोठावण्यात आली. ढाक्यास २०२१ साली एका महिला वार्ताहरास सरकारी कागदांचे मोबाईलने फोटो घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, तीही ह्याच १९२३ च्या कायद्याखाली. आपला प्रवासी पासपोर्ट घेऊन परदेशी जातो आणि तेथे त्याची गाठ आपल्याच आजोबांच्या काळच्या कायद्याशी पडते!

येथे वाचक विचारतील, मग काय सारेच पडदे काढून टाकावे? तसे मला म्हणवत नाही. ट्रॉम्बेच्या भट्ट्यांची चित्रे ज्याला त्याला घेऊ द्यावी असे मी त्या सातवीतल्या मुलीलाही सांगितले नाही. २६ नोव्हेंबर २००८ ह्या तारखेच्या आधी मुंबईची बारकाईने टेहळणी कोणी आणि कशी केली, हे आता न्यायालयीन कागदांत नमूद आहे. प्रवासी म्हणून आलेल्या एका माणसाने कॅमेरा घेऊन ताज हॉटेलपासून छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंतच्या जागा टिपल्या होत्या. त्या माणसाला कोणी आतल्या खोलीत बसवले असते तर बरे झाले असते, असे मुंबईकर म्हणून वाटतेच.

पण पडद्याची दुसरी बाजूही ह्याच बंदराने पाहिली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन नावाच्या बोटीला आग लागली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, त्यांच्याच शेजारी कापसाचे गठ्ठे आणि सोन्याच्या विटा. चारच्या सुमारास एक व अर्ध्या तासाच्या आत दुसरा, असे दोन स्फोट झाले. त्यांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. सहासष्ट अग्निशामक जवान जळून मेले. शेकडो, कदाचित हजाराहून अधिक माणसे गेली, ऐंशी हजार बेघर झाली. मांडवीपासून डोंगरीपर्यंत आकाश लाल झाले होते. आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांत? युद्धकाळची सेन्सॉरशिप होती. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी जगाला सांगितली. आपल्या सरकारने तपशील छापण्यास मोकळीक दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सुधीश घटक ह्या चलच्चित्रकाराने आगीचे चित्रण केले होते. ते लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले. शत्रूस जे आधीच ठाऊक झाले होते ते फक्त मशीद बंदरावर घर जळालेल्या माणसापासून लपविण्यात आले.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एक म्हातारे गृहस्थ होते, गोदीत कारकुनी केलेले. ते सांगत की आमच्या वखारीचा एकही फोटो उरला नाही. असता तर पोराला दाखविला असता की येथे तुझा चुलता कामाला होता. त्यांचे ते बोलणे तेव्हा मला कळले नव्हते.

बंदीमागे हेतू चांगला असला तरी ती राबविणाऱ्या माणसास हौशी आणि हेर ह्यांतला फरक कळेलच असे नाही, ह्याचे नामांकित उदाहरण ग्रीसमधले. नोव्हेंबर २००१ मध्ये कालामाता येथील हवाई तळावर बारा इंग्रज व दोन डच माणसांस पकडले. त्यांचा छंद एवढाच की विमाने पाहावयाची, त्यांचे क्रमांक वहीत टिपावयाचे. आपल्याकडे पोरे आगगाडीचे डबे मोजतात, त्यातलाच प्रकार. फक्त ही पोरे पन्नाशीची होती. ग्रीक पोलिसांस असा छंद असू शकतो हेच पटेना. कित्येक आठवडे तुरुंग, एप्रिल २००२ मध्ये शिक्षा, आणि नोव्हेंबरात अपिलात सगळे निर्दोष. आपणही फार मागे नाही. दिल्लीच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात २०१० साली असेच दोन इंग्रज हौशे दुर्बीण व विमानांचे बोलणे ऐकण्याचे यंत्र घेऊन बसलेले सापडले. जुन्या टेलिग्राफ कायद्याचा बडगा, काही आठवडे अडकून पडणे आणि शेवटी दंड, असे ते प्रकरण मिटले.

खाजगी माणसाच्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा, ही कायद्याची आणखी एक शाखा. बिस्मार्क १८९८ साली वारला तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्याच्या खोलीत शिरले आणि त्यांनी प्रेताचा फोटो काढला. त्या बोभाट्यातून जर्मनीत १९०७ साली माणसास आपल्या चित्रावर हक्क देणारा कायदा झाला. युरोपात रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे चित्र छापताना आजही जपावे लागते, त्याची मुळे तेथे आहेत. आखाती देशांत ह्या बाबतीत आणखी कडक कायदे आहेत, आणि तेथे नोकरीस गेलेल्या आपल्या मुलांस ते आधी सांगणारा कोणी नसतो.

ड्रोनच्या वाट्यास ह्या साऱ्या शाखा एकदम आल्या: गुपितांचा कायदा, आकाशाचा कायदा, खाजगीपणाचा कायदा, आणि वर जकातीचा कायदा. आपल्या देशात ह्या कथेचा आरंभ झाला तोही मुंबईतच. मे २०१४ मध्ये एका दुकानाने वरळीच्या एका उंच इमारतीत ड्रोनने पिझ्झा पोचविला. लोकांनी टाळ्या वाजविल्या आणि पोलिसांनी चौकशी लावली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान खात्याने नियम होईपर्यंत खाजगी ड्रोनवर बंदी जाहीर केली. नियम व्हावयास चार वर्षे लागली. डिसेंबर २०१८ पासून ते अमलात आले. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी किचकट व्यवस्था मोडून नवे, सुटसुटीत नियम करण्यात आले: पंचविसांचे पाच अर्ज, अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला सवलती, आणि देशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन रंग. नियम सैल झाले असे म्हणेपर्यंत फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण, सुरक्षा ह्यांसाठी परवानगी घेऊन आणता येतो. हौशी माणसाने सिंगापुराहून बॅगेतून आणला तर मुंबईच्या जकातीवर तो जमा व्हावयाचा. तेव्हा परक्या विमानतळास नावे ठेवताना, आपल्या विमानतळावरच्या आतल्या खोलीत आज कोणता परका बसला असेल, ह्याचाही विचार करावा लागतो.

बाहेरच्या जगात एक नियम नाही. मोरोक्कोने २०१५ पासून ड्रोन आणण्यास मज्जाव केला. इजिप्तने २०१७ साली संरक्षण खात्याच्या परवान्यावाचून तो जवळ बाळगणेही गुन्हा ठरविले. जपानात २०१५ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांच्या कचेरीच्या गच्चीवर किरणोत्सारी वाळू असलेला ड्रोन सापडला. तो केव्हापासून पडला होता हे कोणालाच कळले नव्हते! वर्ष संपण्यापूर्वी कायदा बदलला. २०२२ पासून तेथे शंभर ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ड्रोनची नोंद लागते. युरोपीय संघाने २०२० च्या शेवटच्या दिवसापासून साऱ्या सभासद देशांस एकच चौकट लावली. कॅमेरा असेल तर, खेळणे नसल्यास, वजन कितीही कमी असो, मालकाची नोंदणी हवी. आपला प्रवासी प्रथम ज्या देशात उतरेल तेथे त्याने ती करावयाची. हे सारे निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या विमान खात्याकडून समजून घेता येते. माझ्या विद्यार्थ्यास हे कोणी सांगितले नव्हते. तिकीट देणाऱ्याने नाही, ड्रोन विकणाऱ्यानेही नाही.

आणि आता आमचीच गोष्ट. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच परवानगी लागते, असे २०२१ चे नियम सांगतात. उलवे, बेलापूर, पनवेल, खारघरचा बराच भाग ह्या वर्तुळात आला. ज्या मुलांनी काल-परवापर्यंत पाणथळीवरच्या रोहित पक्ष्यांची आकाशातून चित्रे घेतली, ती आज त्याच जागेवर उभी राहून तेच करू लागली तर गुन्हेगार ठरतील. ती मुले कोठेही गेली नाहीत. परदेशच त्यांच्या दाराशी येऊन उतरला आहे.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्यास एका रविवारी बसवून सांगितले. गोखले सांगितले, शिकागो सांगितले, ब्रह्मदेश सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे सर, चूक माझीच."

"कायद्याने तुझी," मी म्हटले. पुढे काय म्हणावे ते मला सुचेना.

एवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. तिने ऐकले असावे. म्हणाली, "सर, त्याचं जाऊ द्या. मला त्या चार तासांत एका बाईनं पाणी आणून दिलं होतं. झाडूवाली होती. तिचा एक फोटो काढायचा राहिला, तेवढं मनाला लागलंय." आणि तिने देवघराच्या खालच्या फळीतून ती पावती काढून माझ्यापुढे धरली. उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या ओळी, एक निळा शिक्का, आणि कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, एक अक्षर चुकलेले, तिच्या मुलाचे नाव. "वाचता येतं का बघा," ती म्हणाली. मी चष्मा लावून पाहिले. तारखेपलीकडे मला काही लागले नाही.